फळ्यावर राहिलेला प्रश्न

१९६४ च्या जून महिन्यात लंडनच्या रॉयल सोसायटीत फ्रेड हॉइल आणि त्यांचे विद्यार्थी जयंत विष्णू नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा एक नवा सिद्धांत मांडला. नारळीकरांचं वय तेव्हा पंचवीस. कुठल्याही वस्तूचं जडत्व हा तिचा एकटीचा गुण नाही, विश्वात दूरवर पसरलेल्या बाकी सगळ्या वस्तुमानाशी त्याचा संबंध आहे, हा माख या शास्त्रज्ञाचा जुना विचार त्यांनी गणितात बसवला होता. त्यातलं गणित भारतात किती जणांना कळलं असेल? फारच थोड्यांना. पण ती बातमी देशभर पोहोचली. चीनबरोबरच्या युद्धातला पराभव ताजा होता, नेहरूंना जाऊन काही दिवसच झाले होते, धान्याची टंचाई होती. अशा वेळी कोल्हापुरात जन्मलेला, बनारसमध्ये वाढलेला एक मुलगा केंब्रिजमध्ये आइन्स्टाइनच्या पुढचा विचार करतोय, हे वाचून लोकांना उभारी आली. पुढच्याच वर्षी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांना पद्मभूषण मिळालं.

आमच्या पिढीच्या घरांत ते नाव असं शिरलं. अभ्यासाला बसत नसलेल्या मुलाला आईवडील ज्यांची नावं ऐकवायचे त्यात नारळीकर असायचे. शाळेच्या भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर कात्रणं डकवायची पद्धत होती, तिथे त्यांचा फोटो असायचा. एका शास्त्रज्ञाबद्दल एवढं सार्वजनिक प्रेम मी नंतर फार क्वचित पाहिलं.

२० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. ती बातमी कळायला कुणालाही दुसऱ्या दिवसाच्या पेपरची वाट पाहावी लागली नाही. सकाळीच फोन त्यांच्या छायाचित्रांनी भरून गेला. श्रद्धांजली मनापासूनच होती, पण बहुतेक ठिकाणी मजकूर एकच होता, एकाकडून दुसऱ्याकडे पुढे ढकललेला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या विषयाने त्याची जागा घेतली. त्या दिवसापासून मनात तुलना सुरू आहे: नारळीकरांच्या काळात विज्ञान आमच्यापर्यंत कसं यायचं आणि आता आमच्या नातवंडांपर्यंत कसं येतं.

नारळीकरांनी स्वतःच्या बालपणाची एक आठवण अनेकदा सांगितली आहे. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख, आई सुमती संस्कृतच्या विदुषी. घरात मुलांसाठी भिंतीवर फळे होते. आईचे भाऊ मोरेश्वर हुजूरबाजार शिकायला त्यांच्याकडे येऊन राहिले. हे मोरूमामा फळ्यावर गणिताचं एखादं कोडं लिहायचे आणि वर लिहायचे, जे. व्ही. एन. साठी आव्हान. ते कोडं पुसलं जायचं नाही. भाच्याने ते सोडवेपर्यंत किंवा हार मानेपर्यंत ते तिथेच राहायचं. शाळेतून येता-जाता, जेवायला बसताना, झोपायला जाताना ते डोळ्यांसमोर असायचं. अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नव्हता, गुण मिळायचे नव्हते, वेळेची मर्यादा नव्हती. पुढे केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत सीनियर रँग्लर झालेल्या माणसाचं खरं शिक्षण त्या फळ्यासमोर झालं, असं मला वाटतं.

मी विज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलं. सुरुवातीच्या वर्षांत मीही वर्गातल्या फळ्याच्या एका कोपऱ्यात चौकट आखून एक प्रश्न लिहून ठेवत असे. चंद्र क्षितिजाजवळ मोठा का दिसतो? हिवाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जास्त जवळ असते, मग थंडी का पडते? मुलं मधल्या सुट्टीत त्यावर भांडायची, घरी जाऊन आजोबांना विचारायची, दुसऱ्या दिवशी चुकीची पण स्वतःची उत्तरं घेऊन यायची. ती चुकीची उत्तरं मला फार प्रिय होती. मूल विचार करताना कुठल्या वाटेने गेलं ते त्यांतून दिसायचं.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत तोच प्रश्न लिहिला की तास संपायच्या आत बरोबर उत्तर यायचं, पृथ्वीच्या कललेल्या अक्षासकट, निर्दोष वाक्यांत. सगळ्यांचं एकच. आज गणिताचा फोटो काढला की पायऱ्यांसकट उत्तर पडद्यावर येतं. बारावीच्या मुलाला क्लासमध्ये शिकवतात की एका प्रश्नाला इतके सेकंद, न आला तर सोड, पुढे जा. परीक्षेसाठी हा सल्ला योग्यही असेल. पण न आलेला प्रश्न सोडून पुढे जायची सवय लागलेलं मूल संशोधक कसं होणार? संशोधन म्हणजे न आलेल्या प्रश्नापाशी वर्षानुवर्षं थांबणं.

नारळीकर स्वतः असे थांबले. त्यांच्या संशोधनाची गोष्ट सांगताना हा भाग अनेक जण टाळतात, पण मला तोच सर्वात मोलाचा वाटतो. हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी १९४८ मध्ये स्थिर स्थिती विश्वाची कल्पना मांडली होती. विश्व प्रसरण पावतं, पण त्याला आरंभ नाही. रिकाम्या होणाऱ्या जागेत नवं द्रव्य अगदी मंद गतीने निर्माण होत राहतं. फेब्रुवारी १९६१ मध्ये केंब्रिजचेच रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राइल यांनी दूरच्या रेडिओ स्रोतांची मोजणी दाखवून जाहीर केलं की ही कल्पना चुकीची ठरली. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत उत्तर द्यायचं होतं आणि हॉइलना नेमकं दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी संशोधनाला नुकतीच सुरुवात केलेल्या नारळीकरांना उभं केलं. बावीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याने मोजक्या मिनिटांत राइलसारख्या दिग्गजासमोर आपली गणितं मांडली.

१९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांनी विश्वातून सर्व दिशांनी येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण शोधल्याचं जाहीर झालं आणि विश्वाला आरंभ मानणाऱ्या महास्फोटाच्या सिद्धांताच्या बाजूने पारडं झुकलं. पुढच्या दशकांत उपग्रहांनी ते प्रारण बारकाईने मोजलं आणि महास्फोट हे बहुसंख्य शास्त्रज्ञांचं मत पक्कं झालं. नारळीकरांचं समाधान झालं नाही. १९९३ मध्ये त्यांनी हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर जुन्या कल्पनेचं सुधारलेलं रूप मांडलं, स्थिरवत स्थितीचं विश्व. तेही बहुसंख्यांना पटलं नाही. नारळीकर कुणावर चिडले नाहीत, कुणाचा हेतू काढला नाही, आणि आपला आक्षेपही मागे घेतला नाही.

यातली सर्वात सुंदर गोष्ट वेगळीच आहे. ज्या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते, त्या पुण्याच्या आयुकात त्यांच्याच कारकिर्दीत सूक्ष्मलहरी प्रारणावर, महास्फोटानंतरच्या विश्वाच्या रचनेवर उत्तम काम झालं. त्यांचे विद्यार्थी थाणू पद्मनाभन हे मुख्य प्रवाहातल्या विश्वरचनाशास्त्राचे जगन्मान्य अभ्यासक झाले. गुरूचं मत एक आणि शिष्याची वाट दुसरी, आणि दोघांमध्ये आदर तसाच. गुरुत्वीय लहरी कुणालाही सापडल्या नव्हत्या तेव्हा संजीव धुरंधर यांनी त्या ओळखण्याच्या पद्धतींवर आयुकात काम सुरू केलं होतं. २०१५ मध्ये त्या लहरी प्रत्यक्ष पकडल्या गेल्या. संचालकाने सगळ्यांना स्वतःच्या सिद्धांतामागे उभं केलं असतं तर यातलं काय झालं असतं?

आज मतभेद कसे होतात ते आपण रोज पाहतो. चर्चेच्या कार्यक्रमात, फोनवरच्या गटात, नातेवाइकांच्या जेवणात. मत वेगळं निघालं की माणूसच वजा होतो. अल्पमतात राहूनही साठ वर्षं सभ्यपणे, पुराव्यांची भाषा बोलत राहायचं, हा धडा नारळीकरांनी खगोलशास्त्राच्या बाहेरच्यांनाही दिला आहे.

१९७२ मध्ये ते केंब्रिज सोडून मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. परदेशात मान मिळालेला माणूस परत येतो, याचं तेव्हा मोठं अप्रूप होतं. १९८८ मध्ये यशपाल यांच्या पुढाकाराने विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात खगोलशास्त्राचं आंतरविद्यापीठीय केंद्र, म्हणजेच आयुका, काढायचं ठरवलं आणि ती जबाबदारी नारळीकरांकडे आली. त्या काळी छोट्या शहरातल्या विद्यापीठात खगोलशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाची काय अवस्था होती, हे आता सांगूनही पटणार नाही. परदेशी नियतकालिकं महिनोन्महिने उशिरा यायची, पुष्कळदा यायचीच नाहीत. संगणक नाही, दुर्बीण नाही, चर्चेला माणूस नाही. आयुकाने अशा शिक्षकांना दारं उघडी केली. या, राहा, ग्रंथालय वापरा, संगणक वापरा, आमच्याशी भांडा, आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना शिकवा. आज तोच प्राध्यापक सकाळी चहा पिता पिता जगभरातले ताजे शोधनिबंध फुकट वाचतो. वेधशाळांची निरीक्षणं त्याला घरबसल्या उतरवून घेता येतात. ही प्रगती फार मोठी आहे आणि तिचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही. पण एकाच टेबलावर जेवताना, व्हरांड्यात चालताना जो संशय कुणीतरी बोलून दाखवतं आणि त्यातून नवं काम निघतं, ते अजूनही माणसं एकत्र आल्याशिवाय होत नाही.

चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या आयुकाच्या वास्तूत कुंडासारखा पायऱ्यांचा चौक आहे आणि आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. पुण्यातल्या अनेक शाळकरी मुलांना हे चौघे पाठ्यपुस्तकाआधी तिथे भेटले. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तिथे शाळांसाठी व्याख्यानं व्हायची. मी वर्गातली मुलं घेऊन जात असे. गणेशखिंडीत बसमधून उतरून झाडांच्या सावलीतून चालत जायचं, सभागृहात पुढच्या रांगा मिळवायच्या. व्याख्यानापेक्षा शेवटची प्रश्नोत्तरं जास्त रंगायची. नारळीकर बोलत तेव्हा आवाज कधी चढायचा नाही. मुलाचा प्रश्न अर्धवट असला तर आधी तो नीट मांडून घ्यायचे आणि मग उत्तर द्यायचे. महाराष्ट्रातल्या एका मोठ्या माणसाने आपला प्रश्न नीट ऐकून घेतला, ही गोष्ट ते मूल जन्मभर विसरत नसे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत निवडक मुलांना आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाजवळ राहून छोटं काम करायला मिळायचं. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका उभी राहिली आणि मुलांना हातांनी प्रयोग करायची हक्काची जागा मिळाली. पुलंच्या पत्नी सुनीताबाई आणि नारळीकर या दोघांचा एकच आग्रह होता, मुलांनी स्वतः करून बघावं.

आणि पोस्टकार्डं. व्याख्यान संपलं की सह्या घेणाऱ्यांची झुंबड उडायची. नारळीकर सही देत नसत. म्हणत, तुमच्या मनातला प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली माझी सही असेल. मुलांनी खरंच पाठवली आणि त्यांनी खरंच उत्तरं दिली. आपल्या शहरातल्या किती कपाटांत ती पोस्टकार्डं अजून जपून ठेवलेली असतील! या एका साध्या अटीत फार मोठं शिक्षण होतं. सही हवी असेल तर आधी प्रश्न पडला पाहिजे. तो पोस्टकार्डावर मावेल इतका नेमका झाला पाहिजे. मग पत्ता लिहायचा, पेटीत टाकायचं आणि पोस्टमनची वाट पाहायची. त्या वाट पाहण्याच्या दिवसांत प्रश्न मनात वाढत राहायचा. एखादं मूल उत्तर यायच्या आधीच स्वतः ते शोधून काढायचं.

आता सेल्फी असतो. पाहुण्याच्या खांद्याला खांदा लावून फोटो, क्षणात जगभर, आणि पाहुण्याशी एक शब्दही न बोलता. मुलांना यात दोष देता येणार नाही. त्यांच्यासमोर आपण मोठ्यांनीच ही पद्धत ठेवली आहे.

मात्र सगळंच तेव्हा चांगलं होतं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. १६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाची दुपार आठवा. रस्ते ओस पडले होते, खिडक्यांना पडदे होते, मुलांना घरात कोंडलं होतं. शतकातून कधीतरी वाट्याला येणारं दृश्य डोक्यावर होतं आणि सुशिक्षित माणसं खोलीत बसून होती. आज ग्रहण आलं की शाळांच्या मैदानांवर ग्रहणाचे चष्मे वाटले जातात, आजीचं बोट धरून आलेली मुलं रांगेत उभी राहतात. हा बदल आपोआप झालेला नाही. नारळीकर, मराठी विज्ञान परिषद, हौशी आकाशनिरीक्षकांची मंडळं आणि असंख्य अनाम शिक्षकांनी तो घडवला.

फलज्योतिषाच्या बाबतीत मात्र तेवढं म्हणता येत नाही. २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिष शिकवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा नारळीकरांनी स्पष्ट विरोध केला. नुसता विरोध करून ते थांबले नाहीत, चाचणी घेतली. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर त्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका गोळा केल्या. त्यांतल्या चाळीस-चाळीस पत्रिका ज्योतिष्यांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखायला सांगितलं. २७ ज्योतिष्यांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं. छापा-काटा करून याहून कमी यश येण्याचं कारण नव्हतं. शिवीगाळ नाही, टवाळी नाही, निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये छापून सर्वांसमोर ठेवले. त्यातले एक सहकारी दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. चाचणीला चाचणीने उत्तर द्यायचं असतं, हे ज्या शहरात इतक्या शांतपणे दाखवून दिलं गेलं, त्याच शहरात हे घडलं. आज राशिभविष्याचं अॅप फोनमध्ये घेऊन फिरणारी पिढी पाहिली की वाटतं, ही चाचणी प्रत्येक शाळेत मुलांकडून करून घ्यायला हवी.

नारळीकरांचं लेखन हे त्यांच्या संशोधनाइतकंच आमच्या घरात नांदलं. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. नावामुळे परीक्षकांवर दडपण नको म्हणून त्यांनी आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून नारायण विनायक जगताप हे नाव घेतलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला यांच्याकडून लिहवून घेतली. 'कृष्णविवर' या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढच्या वर्षी कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या वाटेची दखल घेतली. मुकुंदराव किर्लोस्करांनी त्यांना 'किर्लोस्कर' मासिकासाठी लिहितं केलं. 'यक्षांची देणगी' आलं, 'प्रेषित', 'वामन परत न आला' आलं. उजव्या सोंडेच्या गणपतीची कथा वाचून डावं-उजवं म्हणजे नक्की काय, अवकाशाला पीळ पडला तर काय होईल, यावर आम्ही मित्र रात्र रात्र बोललो आहोत. घरात मासिक एकच यायचं, वडील वाचायचे, मग आई, मग आम्ही. एकच कथा सगळ्या घराने वाचलेली असायची, म्हणून जेवताना तिच्यावर बोलता यायचं.

आज अंतराळातल्या लढाया मोठ्या पडद्यावर दिसतात, त्यांतली दृश्यं डोळे दिपवतात. घरातला प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर वेगळं काही पाहत असतो. 'किर्लोस्कर' बंद पडून किती काळ लोटला. मराठी विज्ञानकथा दिवाळी अंकांतून अजून येतात, चांगल्याही येतात, पण शाळकरी मुलांच्या हातात त्या पडत नाहीत. २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद नारळीकरांना मिळालं, हा त्या लेखनाचा उचित सन्मान होता. प्रकृतीमुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. त्याआधी 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे, ही ती चार नगरं.

या चारही नगरांची गोष्ट मंगलाताईंशिवाय पूर्ण होत नाही. त्या स्वतः गणितज्ञ. १९६६ मध्ये लग्न झालं, मग केंब्रिज, तीन मुली, सासू-सासरे, घर. या सगळ्यात त्यांनी संख्यांच्या सिद्धांताच्या अभ्यासाला वेळ काढला आणि १९८१ मध्ये डॉक्टरेट मिळवली. मुलांना गणिताची भीती का वाटते याचा त्यांनी जन्मभर विचार केला, 'गणिताच्या सोप्या वाटा' लिहिलं, बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठी काम केलं. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. त्यांच्या पिढीतल्या किती हुशार बायकांचं गणित स्वयंपाकघरात अडकून राहिलं, याची आठवण त्यांच्याकडे पाहून व्हायची. आज एखाद्या विज्ञान संस्थेत गेलं की प्रयोगशाळेत मुली दिसतात, दुर्बिणीच्या नियंत्रणकक्षात दिसतात, सभागृहात पुढच्या रांगेत बसून अवघड प्रश्न विचारताना दिसतात. आजचा काळ या एका बाबतीत निर्विवादपणे पुढे आहे.

आणि आकाश? आमच्या लहानपणी उन्हाळ्यात गच्चीवर गाद्या घातल्या की झोप येईपर्यंत तारे मोजायचे. सप्तर्षी, वृश्चिक, पावसाळा संपला की डोक्यावरून जाणारी आकाशगंगा. पुणेकर मुलाला आज घरून आकाशगंगा दिसत नाही. शहराच्या दिव्यांनी ती झाकून टाकली आहे. त्याच मुलाला फोनवर जेम्स वेब दुर्बिणीने टिपलेल्या, तेरा अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिका दिसतात. आमच्याकडे डोळ्यांनी दिसणारं आकाश होतं आणि माहिती नव्हती. त्याच्याकडे माहिती आहे आणि आकाश नाही. दोन्ही एकत्र आणणं अवघड नाही. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. नारायणगावजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे आणि विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे गावोगावच्या शाळांची जत्रा भरते. पुण्याहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं.

आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो-इंडिया वेधशाळा होते आहे. २०२३ मध्ये तिला सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन काटकोनी भुजा, आणि त्यांच्या लांबीत अणुकेंद्रापेक्षाही कितीतरी सूक्ष्म फरक पडला तर तो मोजणारी यंत्रणा. नारळीकरांच्या तरुणपणी अशा कामासाठी केंब्रिजला जावं लागे. आज ते मराठवाड्यातल्या ज्वारी-सोयाबीनच्या शेतांच्या शेजारी उभं राहतंय. आमच्या पिढीने स्वप्नातही हे पाहिलं नव्हतं.

म्हणून माझी तुलना हळहळीवर थांबत नाही. साधनं तेव्हापेक्षा शेकडो पटींनी वाढली, संस्था वाढल्या, शास्त्रज्ञ वाढले. त्यांत मराठी बोलणारेही पुष्कळ आहेत. कमी झाली आहेत ती मुलांच्या प्रश्नाला वेळ देणारी आणि मुलांच्या भाषेत उत्तर देणारी माणसं. नारळीकर जगातल्या कुठल्याही सभागृहात इंग्रजीत बोलू शकत होते. तरीही त्यांनी मराठीत कथा लिहिल्या, मराठीत व्याख्यानं दिली, मराठीत पोस्टकार्डं लिहिली, आणि संशोधन कमी पडू दिलं नाही. हे दोन्ही एका आयुष्यात जमतं, हे त्यांनी दाखवून दिलं आहे.

शास्त्रज्ञांना माझी विनंती आहे की वर्षातून काही दिवस औंढा नागनाथ, खोडद, जुन्नर आणि आपल्या स्वतःच्या गावच्या शाळांना द्या, आणि तिथे मराठीत बोला. शिक्षकांनी फळ्याचा एक कोपरा मोकळा ठेवावा आणि तिथला प्रश्न आठवडाभर पुसू नये. आईवडिलांनी मुलाला उत्तर देण्याआधी विचारावं, तुला काय वाटतं? हे तिन्ही करायला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही, आणि येत्या सोमवारपासून सुरुवात करता येते.